‘रिकामीच आहे’ हे चालत नाही. नेमबाजीच्या स्पर्धेत सेफ्टी फ्लॅग कशासाठी लावतात?

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं आणि नेमबाजी हा खेळ खेड्यापाड्यातल्या घरांत पोहोचला. त्याआधी तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली होती, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं होतं. पण ती शहरातली नावं वाटायची. आता शाळेच्या किंवा मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये दहा मीटरवर टार्गेट लावून सराव करणारी पोरं-पोरी तालुक्याच्या गावातही दिसतात. शालेय क्रीडा स्पर्धांतही रायफल शूटिंग आहे.

पोराचं नाव घालायला आलेल्या आई-बापांचा पहिला प्रश्न फीचा असतो, दुसरा हमखास हा, की बंदूक हातात द्यायची म्हणजे काही होणार तर नाही ना? प्रश्न बरोबर आहे. त्याचं प्रामाणिक उत्तर असं, की धोका आहे, आणि तो आहे हे धरूनच या खेळाचे नियम केलेले आहेत. नियम पाळले जातात तिथं हा खेळ कबड्डीपेक्षा कमी दुखापतीचा आहे. नियम ढिले पडले तर मात्र एकच छर्रा पुरेसा होतो.

छर्रा लहान, वेग मोठा

नवशिक्यांच्या बहुतेक स्पर्धा १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूलच्या असतात. यात दारू नसते, दाबलेल्या हवेवर छर्रा सुटतो. छर्रा शिशाचा, ४.५ मिलिमीटर जाडीचा, वजन साधारण अर्धा ग्रॅम. ज्वारीच्या दाण्यासारखा तो दिसतो म्हणून कुणाला त्याचं भय वाटत नाही. पण स्पर्धेच्या रायफलमधून तो सेकंदाला सुमारे १७० मीटरनं निघतो, म्हणजे ताशी सहाशे किलोमीटरच्या वर. एवढ्या वेगाचा छर्रा कातडी फोडून आत रुततो, आणि डोळ्याला लागला तर डोळा जातो. घरात ‘रिकामी’ समजून हाताळलेली एअरगन सुटून लहान मुलाला छर्रा लागल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्या याच जातीच्या बंदुकांच्या असतात.

आपल्याकडं एअरगनची ओळख होते ती जत्रेत. फुगेवाल्याच्या स्टॉलवर दहा-वीस रुपये दिले की बंदूक हातात. फुगेवाला ती मधून मोडून छर्रा भरून देतो, आणि घेणारा भरलेली बंदूक हातात धरून मागं वळून मित्राला म्हणतो, ‘फोटो काढ.’ नळी तेव्हा कुठं असते? मित्राच्या छातीवर. बोट कुठं असतं? घोड्यावर. प्रशिक्षकाकडं येणारं पोरगं ही सवय सोबत घेऊन येतं. पहिले काही दिवस नेम शिकवण्याआधी ही सवय मोडावी लागते, आणि जो प्रशिक्षक हे दिवस वाया गेले म्हणतो त्याच्याकडं पोर न घातलेलं बरं.

शिवाय जत्रेतल्या बंदुकीचा घोडा जाम असतो, जोर लावून ओढावा लागतो. स्पर्धेच्या एअर रायफलचं तसं नाही. एअर पिस्तूलच्या घोड्याला किमान ५०० ग्रॅम ओढ लागली पाहिजे असा नियम आहे, रायफलला तशी अट नाही. खेळाडू तो शंभर ग्रॅमच्याही खाली सेट करून घेतात. बोट नुसतं टेकलं तरी छर्रा सुटतो. म्हणून नेम पूर्ण धरेपर्यंत बोट घोड्याच्या कडीबाहेर, हा नियम इथं जास्तच कडक.

बाकीचे मूळ नियमही थोडकेच आहेत. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच धरायचं, मग ती आत्ता आपणच रिकामी केलेली असो. नळीचं तोंड कायम टार्गेटकडं ठेवायचं, ते शक्य नसेल तर माणूस नसलेल्या बाजूला. आणि टार्गेटच्या मागं काय आहे ते माहीत असल्याशिवाय मारायचं नाही. जगातली कुठलीही रेंज घ्या, नियमांची पुस्तकं जाडजूड असली तरी सगळं यातूनच निघालेलं आहे.

किटकॅट खिशात, तसा फ्लॅग नळीत

विहिरीवरची मोटर दुरुस्त करताना जुना-जाणता माणूस काय करतो? लाइट गेलीय म्हणून तो थेट हात घालत नाही. लाइट कधीही येते, वर ऑटो लावलेला असेल तर मोटर आपोआप चालू होते. तो पेटीतले किटकॅट काढतो, खिशात घालतो आणि मगच वायरीला हात लावतो. ‘बंद आहे’ असं कुणी सांगितलं त्यावर तो जीव ठेवत नाही. किटकॅट आपल्या खिशात आहेत हे त्याला दिसतं.

नेमबाजीतला सेफ्टी फ्लॅग हाच प्रकार आहे. भडक नारिंगी किंवा तशाच उठून दिसणाऱ्या रंगाची ही प्लॅस्टिकची दोरी किंवा पट्टी असते. एअर रायफलला ती नळीच्या पूर्ण लांबीची लागते, एका टोकानं आत गेली की दुसऱ्या टोकानं बाहेर आलेली दिसली पाहिजे. नळीत छर्रा अडकलेला असेल तर दोरी आरपार जाणारच नाही. म्हणजे ती आरपार दिसतेय याचा अर्थ नळी मोकळी आहे आणि छर्रा भरायची जागा उघडी आहे. विचारायचं कारण राहत नाही. दहा फुटांवरून पंचाला दिसतं, शेजारच्या खेळाडूला दिसतं, मागं खुर्चीवर बसलेल्या आईलाही दिसतं.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, म्हणजे आयएसएसएफच्या नियमानं हा फ्लॅग सक्तीचा आहे. पेटीतून बंदूक बाहेर आल्यापासून ती परत पेटीत जाईपर्यंत, रेंज ऑफिसरनं काढायला सांगितलेला वेळ सोडला तर फ्लॅग लागलेलाच पाहिजे. आपल्या देशात १९५१ मध्ये स्थापन झालेली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया या खेळाचा कारभार पाहते आणि तिच्या स्पर्धाही याच नियमांच्या चौकटीत होतात.

तालुका पातळीवरच्या स्पर्धेत आयोजक कधीकधी म्हणतात, ‘पोरांकडं फ्लॅग नाहीत, चालवून घेऊ.’ हे पटण्यासारखं नाही. हजारो-लाखोंची रायफल आणि फ्लॅग मात्र काही रुपयांचा. विकतचा मिळाला नाही तर गवत कापायच्या मशीनला लागते ती जाड नायलॉनची रंगीत दोरी कापून घेतली तरी काम भागतं. फक्त ती नळीत सैल जाणारी हवी आणि दोन्ही टोकांना बाहेर दिसणारी हवी.

हुकूम एकाचाच

स्पर्धेच्या हॉलमध्ये गेलं की पहिली गोष्ट जाणवते ती शांतता, आणि दुसरी म्हणजे एका माणसाचा आवाज. तो रेंज ऑफिसर. गोळीबाराच्या रेषेवर त्याच्याशिवाय कुणाचा शब्द चालत नाही, मग तिथं उद्घाटनाला आलेले पुढारी असोत की संस्थेचे अध्यक्ष.

त्यानं बोलावल्यावर खेळाडू आपापल्या लेनवर जातात. पेटी उघडताना रायफलचं तोंड टार्गेटकडं येईल अशी पेटी ठेवायची असते. पुष्कळ नवशिके पेटी आडवी ठेवतात आणि रायफल उचलताना नळी शेजाऱ्याच्या पोटावरून फिरवतात. तयारी आणि सरावाच्या नेमासाठी १५ मिनिटं मिळतात, त्यानंतर मोजणीचे नेम. मोठ्या स्पर्धांत ते ६० असतात. छर्रा भरायचा तो लेनवरच, आणि ‘लोड’ किंवा ‘स्टार्ट’ असा हुकूम आल्यावरच. नेम धरून कोरडा घोडा ओढायचा, ज्याला ड्राय फायरिंग म्हणतात, तोसुद्धा रेषेवर आणि परवानगी घेऊनच. मागं बाकावर बसून भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरणारं पोरगं दिसलं तर त्याला तिथंच उठवलं पाहिजे.

‘स्टॉप’ म्हटलं की थांबायचं, त्याच क्षणी. अर्धा धरलेला नेम पूर्ण करायचा नाही. स्टॉपनंतर परवानगीशिवाय भरलेली बंदूक हाताळणाऱ्याला स्पर्धेतून बाद करता येतं. पालकांना हे जाचक वाटतं, ‘एवढ्याशा कारणासाठी पोराचं वर्ष घालवलं’ अशी भांडणं होतात. पण स्टॉप कधी दिला जातो ते बघा. कुणीतरी चुकून पुढं गेलेलं असतं, एखादं दार उघडलेलं असतं, टार्गेटची तार अडकलेली असते. त्या क्षणी एकानं जरी नेम पूर्ण केला तरी काय होईल, हे समजायला वेगळं शिक्षण लागत नाही.

स्टॉप आला आणि छर्रा आधीच भरलेला असेल तर? एअर रायफलमधून भरलेला छर्रा हातानं सहज काढता येत नाही, तो सोडावाच लागतो. अशा वेळी नळी टार्गेटकडंच ठेवून मोकळा हात वर करायचा आणि रेंज ऑफिसरची वाट बघायची. तो सांगेल तेव्हा आणि तिथं छर्रा सोडायचा. घोडा ओढूनही आवाज आला नाही, छर्रा अडकल्यासारखा वाटला, तरीही हेच. नळीत डोकावून बघायचं नाही. ही सूचना वाचताना कुणालाही हसू येईल, पण बंद पडलेली वस्तू तोंडाजवळ नेऊन बघणं हा माणसाचा स्वभावच आहे. फवारणी पंपाचा नोझल अडकला की आपण तेच करतो.

संपल्यावरही लगेच पेटी भरून निघायचं नसतं. रायफल उघडायची, फ्लॅग घालायचा, रेंज ऑफिसर येऊन बघेल, मग ती रेषेवरून उचलायची. त्यानं न तपासता बंदूक हलवली तरी बाद होण्याची वेळ येऊ शकते. आणि धोका दिसला तर थांबवायला सांगायचा अधिकार पंचापुरता नाही. खेळाडूनं आणि प्रशिक्षकानं ते लगेच सांगायचंच असतं.

हॉल कसा लावलाय ते बघा

मोठ्या शहरात, पुण्याच्या बालेवाडीसारख्या ठिकाणी कायमची रेंज असते, इलेक्ट्रॉनिक टार्गेट असतात, पुढं जायचं कामच पडत नाही. गावातल्या हॉलमध्ये कागदी टार्गेट असतात. ती तारेवर, पुलीनं मागं-पुढं करायची सोय असेल तर उत्तम. नसेल तर प्रत्येक फेरीनंतर कुणीतरी दहा मीटर चालत जाऊन कागद बदलतं, आणि हौशी स्पर्धांतला सगळ्यात धोक्याचा वेळ तो असतो. एका लेनचं पोर अजून शेवटचा नेम धरून उभं आणि दुसऱ्या लेनचा स्वयंसेवक कागद काढायला निघालेला, हे चित्र कुठंही दिसलं तर स्पर्धा तिथंच थांबवायला हवी. बरोबर पद्धत अशी, की सगळ्यांचे नेम थांबले, सगळ्या बंदुका उघड्या, फ्लॅग आत, बंदुका टेबलावर ठेवून खेळाडू दोन पावलं मागं, रेंज ऑफिसरनं एकेक लेन बघितली, मगच पुढं जायचं. लोक पुढं असताना मागं कुणीही बंदुकीला शिवायचं नाही, फ्लॅग नीट करायलासुद्धा नाही.

टार्गेटमागची भिंत नुसती विटांची किंवा सिमेंटची असेल तर छर्रा किंवा त्याचा तुकडा उलटा येऊ शकतो. म्हणून मागं छर्रे गोळा करणारी लोखंडी पेटी असते, तिची पत्र्याची पाठ तिरकी असते, छर्रा आपटून खाली पडतो. पेटीच्या आजूबाजूलाही जाड सतरंजी किंवा प्लायवूड लावलं की चुकलेला नेम तिथंच मरतो. टार्गेटच्या बाजूला दार किंवा खिडकी असेल तर ती आतून बंद पाहिजे, नुसती लोटलेली चालणार नाही. हॉलच्या मागच्या दारानं चहावाला आत येतो, हे प्रत्येक गावचं सत्य आहे. प्रेक्षकांना रेषेच्या बऱ्याच मागं दोरी लावून बसवायचं. लहान भावंडं दोरीखालून जातात, त्यासाठी एक माणूस ठेवावा लागतो. डोळ्यांवर न फुटणारा चष्मा घालावा अशी शिफारस खेळाडूंना असते. लहान हॉलमध्ये रेषेजवळच्या स्वयंसेवकांनीही तो घालायला काय हरकत आहे?

पॉइंट टू टूचं, म्हणजे .२२ रायफलचं प्रकरण वेगळं आहे. एनसीसीच्या मुलांना तिची ओळख फायरिंगच्या दिवशी होते. तिच्यात दारूचं काडतूस असतं, परवाना लागतो, आणि तिची गोळी मोकळ्यावर दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. तिला मंजूर रेंज आणि मातीचा उंच बांध लागतो. गायरानात दगडावर बाटल्या मांडून ‘सराव’ करण्याची ही वस्तू नाही. पिकाच्या राखणीसाठी परवाना असलेली घरची बंदूक काढून पोराला नेम शिकवणारेही भेटतात. तो परवाना त्यासाठी दिलेला नसतो.

सिलिंडरकडं लक्ष कुणाचं नसतं

सगळे नळीकडं बघतात, पण आजच्या स्पर्धेच्या एअर रायफलला दुसरं एक जोखमीचं अंग आहे. नळीखालच्या सिलिंडरमध्ये हवा साधारण २०० बारनं भरलेली असते. चारचाकीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असते, त्याच्या जवळजवळ नव्वद पट. सिलिंडरवर मुदतीची तारीख कोरलेली असते. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि तो मुदतीत आहे हे बघणं खेळाडूचीच जबाबदारी धरली जाते. जुनी रायफल स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यांनी आधी ही तारीख वाचावी.

हवा भरायची सोय जवळ नसली की खेड्यात डोकं चालतं. गॅस वेल्डिंगच्या दुकानात ऑक्सिजनची टाकी आहे, त्यातून भरून घेऊ. हे कधीही करायचं नाही. दाबातला शुद्ध ऑक्सिजन आणि आतलं तेल-ग्रीस एकत्र आलं की स्फोट होऊ शकतो. सिलिंडरमध्ये फक्त कोरडी, स्वच्छ हवा, ती योग्य कॉम्प्रेसरची किंवा त्यासाठीच्या हातपंपाची. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तर एवढा दाब देऊच शकत नाही.

घरी आणि एसटीत

४.५ मिलिमीटर बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला शस्त्र नियम २०१६ नुसार परवान्यातून सूट आहे. दुकानदार ओळखपत्र घेऊन विक्रीची नोंद करतो. परवाना नाही म्हणून ती खुंटीला टांगायची वस्तू होत नाही. बंदूक कुलपात, छर्रे वेगळ्या कुलपात, आणि किल्ली पोराकडं न देता मोठ्या माणसाकडं. रानात मोरावर किंवा झाडावरच्या पाखरांवर ‘हात साफ’ करायला ती नेली तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागतो आणि पोराच्या खेळाचं तिथंच मातेरं होतं.

प्रवासात रायफल पेटीबंद, फ्लॅग आत, छर्रे वेगळ्या पिशवीत. सोबत बिलाची प्रत आणि स्पर्धेचं पत्र असावं. एसटीत शेजारच्यानं ‘बघू बघू’ म्हटलं तरी पेटी उघडायची नाही, स्टँडवर तर नाहीच. नुसती नळी दिसली तरी लोक घाबरतात, आणि पोलिसांना बोलावलं तर चूक त्यांची म्हणता येणार नाही.

राहिलं शिसं. छर्रे शिशाचे असतात, हाताला काळपट लागतं ते तेच. शिसं पोटात जाणं लहान मुलांना फार वाईट. सवय म्हणून छर्रा ओठांत धरणारी पोरं असतात, त्यांना पहिल्याच दिवशी थांबवायचं. लेनवर खाणं-पिणं नको. हॉल झाडताना कोरडा झाडू मारला की बारीक धूळ उडते, त्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसावं. गोळा झालेले छर्रे पोत्यात भरून भंगारात देता येतात, पण ते पोतं घरात धान्याच्या पोत्यांशेजारी ठेवू नये. आणि नेमबाजी झाल्यावर, डबा उघडायच्या आधी, दोन्ही हात साबण लावून कोपरापर्यंत धुवायचे.